डॉक्टरांची शेव्हरोले

दाताचा रंग जुळवायला सुचित्राला कधी दुसऱ्यांदा बघावं लागत नसे. यवतमाळातले चार-पाच दंतवैद्य आपल्या कवळ्या आणि कॅपा तिच्याकडूनच करून घेत. तिने केलेला दात कोणता आणि मूळचा कोणता, हे नंतर खुद्द त्यांनाही ओळखू येत नसे, असं ते मोठ्या कौतुकानं सांगत. दत्त चौकामागच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत तिची लॅब होती. एका भिंतीला प्लास्टरचे जबडे मांडलेले आणि समोरच्या काचेच्या कपाटात गाड्या.

गाड्या वीतभर लांबीच्या, प्लास्टिकच्या, सगळ्या जुन्या जमान्यातल्या. खोक्यातून सुटे भाग येत. काड्यांच्या चौकटीत अडकलेले ते भाग कापायचे, कडा घासायच्या, जोडायचे, रंगवायचे. इतरांना हा पोरखेळ वाटे. पण सुचित्राची गाडी जवळून पाहिली की माणूस गप्प होई. स्पीडोमीटरचा काटा केसाहून बारीक असे आणि पायाखालच्या रबराच्या चटईवर टाचेच्या जागी झिजल्याची खूण असे. तिचा नवरा अवधूत जिल्हा परिषदेत होता. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी तो कपाट उघडून दाखवी.

दिवाळीनंतर बाभुळगावच्या विमलताई तुटलेली कवळी घेऊन आल्या. एकोणऐंशी वर्षांच्या, काटक, जुन्या नर्स. कवळी सांधून होईपर्यंत त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"ह्या गाड्या तू करते?"

"हो ताई. छंद आहे."

"शेवरलेट करता येते का तुले? एक्कावन सालची."

आठ दिवसांनी त्या फोटो घेऊन परत आल्या. काळ्यापांढऱ्या फोटोत पाठीकडे उतरत जाणाऱ्या छपराची एक भारदस्त गाडी होती आणि तिच्या दारावर हात ठेवून एक उंच माणूस उभा होता. डॉक्टर सदाशिवराव. बाभुळगावात त्यांचा दवाखाना होता आणि आसपासची तीस-चाळीस खेडी त्यांच्या भरवशावर होती. नागपूरच्या एका गिरणीवाल्याकडून त्यांनी ही गाडी जुनीच घेतली होती. विमलताई त्यांच्याकडे सहा वर्षं नर्स होत्या.

"रंग कसा होता?"

"हरबऱ्याच्या घाट्यावानी. कोवळ्या घाट्यावानी." मग त्या म्हणाल्या, "दोनच दारं होती. मागं बसाचं त समोरची सीट दुमडून आत जा लागे. तुह्या गाडीत ती सीट दुमडली पायजे. बाकी कमीजास्त झालं तरी चालते."

कमीजास्त होऊ देणं सुचित्राच्या स्वभावात नव्हतं. खोक्यातली गाडी अमेरिकेच्या रस्त्यांची, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. सुचित्राने डॅशबोर्ड मधोमध कापला, उलटा करून जोडला आणि सांधा कवळ्या घासायच्या बारीक मशीननं असा मिटवला की भिंगातूनही दिसू नये. समोरच्या सीटला तिने दातांच्या तारेची बिजागरी केली. मागची लांब सीट तिला खोक्यातली पसंत पडली नाही. ती तिने कवळीच्या पक्क्या गुलाबी मसाल्यातून नवी घडवली, शिवणीच्या रेघा ओढल्या आणि वर तपकिरी रंग दिला. हा मसाला एकदा कडक झाला की त्यावर माणसं चाळीस वर्षं भाकरी चावतात. अंगाचा हिरवा रंग तिने तीनदा मिसळून पाहिला. चौथ्यांदा तो बरोबर आला, आणि बरोबर आल्याचं तिला कोणी सांगावं लागलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला गाडी पूर्ण झाली. लॅबमधल्या नाजूक काट्यावर तिने ती ठेवली. तयार झालेली प्रत्येक गाडी ती तोलून वहीत मांडत असे. एकशे बेचाळीस पूर्णांक सहा ग्रॅम.

विमलताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. "डोये चांगले झाल्यावरच पाहीन," असा त्यांचा फोन आला. गाडी तीन आठवडे कपाटात राहिली.

आधी लक्षात आलं ते अवधूतच्या. तो सकाळी डब्यासाठी खोळंबला होता, तेव्हा सहज म्हणाला, "ही एका अंगाला बसली का गं?"

सुचित्राने गाडी सपाट काचेवर ठेवून पट्टी लावली. मागची डावी बाजू उजवीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं खाली होती. तिने गाडी उलटी करून पाहिली. कणा सरळ होता, चाकं गोल होती, काहीही वाकलेलं नव्हतं. प्लास्टिक थंडीनं ओढलं असेल, असं ती म्हणाली आणि कामाला लागली.

दोन दिवसांनी काच धुरकटली. मागची, डावीकडची, आतून. हे तिला नवीन नव्हतं. झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्या वाफेनं काच अशी पांढुरते, म्हणून ती काचांना तो डिंक कधी लावतच नसे. तिने छप्पर सोडवलं, काच पुसली, परत बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, तीच काच पुन्हा धुरकटली होती. या वेळी धुक्याच्या मधोमध मोहरीएवढी जागा स्वच्छ होती. बसच्या खिडकीतून बाहेर बघायला आपण तळव्यानं पुसतो, तशी.

सुचित्राने भिंग लावलं. काचेतून तिला मागची सीट दिसली. डावीकडे, खिडकीशेजारी, सीटला खळगा पडला होता.

तिने सीट बाहेर काढली. मसाला दगडासारखा कडक होता. नखानं दाबला, चिमट्यानं टोचला, ओरखडासुद्धा उठला नाही. खळग्यात शिवणीच्या रेघा तुटल्या नव्हत्या, नुसत्या खाली वळल्या होत्या. रंगाला तडा नव्हता. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की असं काम आपल्याला जमलं नसतं. तिने खळगा भरला, घासला, रंगवला. तिसऱ्या दिवशी तो परत होता, तिथेच, तेवढाच.

मग तिने गाडी काट्यावर ठेवली. एकशे पंचेचाळीस पूर्णांक आठ.

तीन पूर्णांक दोन ग्रॅम जास्त. सीट भरताना लावलेला जास्तीचा मसाला तिने घासून काढला होता. आत राहिलेला मुगाच्या दाण्याइतकाही भरला नसता. मग तिने वहीच्या कोपऱ्यात गणित मांडलं. गाडी पंचविसाव्या हिश्शाची. वजनासाठी पंचवीस तीनदा गुणायचे, लांबी, रुंदी, उंची. तीन पूर्णांक दोन ग्रॅमचे खऱ्या मापात किती होतात ते आलं तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली.

पन्नास किलो.

अवधूतला तिने काही सांगितलं नाही. सकाळच्या एसटीनं, खोकं मांडीवर घेऊन, ती बाभुळगावला गेली. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं होती आणि तुरी उभ्या होत्या. खोकं डावीकडे जड लागत होतं. तिने ते दोनदा फिरवून धरलं. फिरवलं की वजनही फिरत होतं.

विमलताईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तो काढून त्यांनी गाडी पाहिली. खूप वेळ पाहिली. मग दारावरून, डॉक्टरांचा हात फोटोत जिथे होता तिथून, बोट फिरवलं.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "माह्या इचारापलीकडचं काम केलं तू."

"ताई, मागे डावीकडे कोण बसायचं?"

विमलताईंचं बोट थांबलं.

"तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही."

मग विमलताई सलग बोलल्या. सदुसष्ट सालचा डिसेंबर. नदीपलीकडच्या खेड्यात रुखमाबाई नावाची बाई दोन दिवस अडलेली होती. मूल आडवं होतं. डॉक्टरांनी तिला गाडीत घातलं, मागे, डावीकडे, उशीला टेकवून. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिचा नवरा सायकलनं मागून निघाला. डॉक्टर गाडी चालवत होते आणि विमलताई त्यांच्या शेजारी, म्हणजे रुखमाबाईच्या अगदी पुढ्यात बसल्या होत्या. गाडी वाटेत कुठेही थांबली नाही. दवाखान्याच्या दारात विमलताई उतरल्या, त्यांनी सीट दुमडली, आणि मागे फक्त उशी होती.

"सात दिवस शोधलं. सारा रस्ता, नाले, वावरं. काही नाही भेटलं. लोक म्हनत, बाई वाटेत मेली अन् डॉक्टरनं टाकून देली. पोलिसांनं मले इचारलं. मी म्हनलं, मी जागी होती." त्यांनी चष्मा हातात फिरवला. "मी जागी नोती, सुचित्रा. दोन रात्री झोप नोती. माहा डोया लागला होता. कोनाले सांगतलं नाही. डॉक्टरसायबालेही नाही."

"आणि डॉक्टर?"

"गाडी इकून टाकली. त्याच खेड्यात दर गुरुवारी सायकलनं जाये. लोक पाठ फिरवत, तरी जाये. तेरा वर्षं गेला. शेवटी त्याच्याच हातानं झालेले पोरं त्याले पानी देत. एका शब्दानं कोनाले दोष नाही देला." मग त्यांनी विचारलं, "आता सांग. मी झोपली असतानी ती माह्या बाजूनं उतरली असन का?"

तेवढ्यासाठी ही गाडी होती. सुचित्राने सोबत आणलेल्या बारीक चिमट्यानं समोरची सीट दुमडून दाखवली. मग खोक्यात टेकू म्हणून ठेवलेला प्लास्टरचा एक छोटा तुकडा विमलताईंच्या जागी ठेवला आणि चिमटा विमलताईंच्या हातात दिला. त्यांनी हळूच ढकलून पाहिलं. सीट हलली नाही. पुन्हा ढकललं. नाही.

"तुम्ही उठल्याशिवाय ती दुमडतच नाही. मागच्या काचेतून माणूस जात नाही. तुम्ही झोपला असतात तरी तिला उतरता आलं नसतं, ताई."

विमलताईंनी चिमटा खाली ठेवला. सत्तावन्न वर्षांचं काहीतरी त्यांच्या खांद्यांवरून उतरलं. सुचित्राला ते डोळ्यांनी दिसलं.

"म्हंजे ती उतरलीच नाही," त्या म्हणाल्या.

सुचित्राने मग वजनाचं सांगितलं. खळग्याचं सांगितलं. विमलताई घाबरल्या नाहीत.

"पन्नास," त्या म्हणाल्या. "असन. हाडकुळीच होती. पोटासकट तेवढीच."

मागची काच पुन्हा धुरकटली होती. मधोमध ती पुसलेली जागा होती. विमलताई वाकल्या आणि काचेजवळ तोंड नेऊन, वॉर्डात नर्स बोलते तशा आवाजात म्हणाल्या, "रुखमा, बाई, पोचलो आपन. आता भ्याचं नाही."

काहीच झालं नाही. गल्लीतून एक ऑटो गेला. सुचित्रा दुपारच्या गाडीनं परतली.

मार्चमध्ये विमलताईंची कवळी सैल झाली, म्हणून सुचित्राच बाभुळगावला गेली. दार लोटलेलंच होतं. खिडकीपाशी पाटावर गाडी होती, खाली घडी केलेलं धुतलेलं पातळ. विमलताई शेजारी खुर्चीत बसल्या होत्या आणि पाटाचा कोपरा दोन बोटांनी अगदी सावकाश हलवत होत्या.

गाडीची काच आता स्वच्छ होती. सुचित्रा गुडघ्यावर बसली आणि तिने भिंग लावलं.

सीटवरचा खळगा तसाच होता. त्याला चिकटून, शिवणीच्या दोन रेघांमध्ये मावेल एवढा, दुसरा एक होता.

"ताई, हे कधीपासून—"

"हळू बोल," विमलताई म्हणाल्या. "आत्ताच निजलं हाय."