बसल्याशिवाय निघायचं नाही

हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल, पण विओरिकाच्या रागाने एकदा इटलीला निघालेली अख्खी बस तीन दिवस अडवून धरली होती. हसा खुशाल. फक्त रंधे थांबवू नका, पोरांनो. शनिवारच्या लग्नाला खुर्च्या द्यायच्यात.

साविन या सुतारशाळेत आला तो मार्चच्या गारठ्यात. अठरा भरल्याबरोबर अनाथाश्रमाने हातात एक पिशवी देऊन मागून दार लावून घेतलं होतं. आत शेगडी दिसली म्हणून शिरला, समोरच्या खुर्चीवर टेकला... आणि खुर्चीसकट भुईसपाट!

"आंधळा आहेस का रे? सरस ओला आहे तिचा!" ती खुर्ची जोडणारी विओरिका कडाडली.

"वाळायला किती वेळ लागतो?"

"एक रात्र."

"मग उद्या येऊन बसतो."

"बसायला नाही — मोडलीस ती जोडायला ये!"

तो आला. दोन वर्षं येत राहिला. तिच्या केसांतला भुसा फुंकर मारून उडवायचा. ती "काम कर!" म्हणून ओरडायची... पण मान मात्र हलवायची नाही.

"लाकडावर इतकी चिडतेस?"

"लाकडावर नाही."

"मग माझ्यावर?"

"तुझा नंबर यायचाय अजून."

तो नंबर ऑगस्टमध्ये आला. नगरपालिकेच्या साहेबांनी याच शाळेची फीत कापली होती, पोरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले होते. आणि गावच्या शाळेसाठी चारशे खुर्च्या मागवल्या परदेशातून. प्लास्टिकच्या! बारा शिकाऊंपैकी नऊ जण देश सोडून गेले. साविनने इटलीच्या बससाठी दहावं नाव घातलं.

"टोमॅटो तोडणार? या हातांनी?"

"इथे हे हात खिशात घालून फिरू?"

"घडवायचं आम्ही, न्यायचं त्यांनी! झाडं नेली, माणसं नेली, आता —"

"आता काय?"

ती दात-ओठ खात पटाशी घासत राहिली.

निघायच्या दिवशी आपली रीत. सामान दाराशी ठेवून सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं. एक जरी उभा राहिला, तरी प्रवास लाभत नाही. बस शाळेच्या दाराशी लागली; चालक आणि उतारू आत येऊन बसले, साविन बसला. विओरिका उभी!

"बस गं," साविन म्हणाला.

"नाही बसत!"

डोळ्यांत नुसते निखारे. चालकाची गाडीला हात लावायची छाती होईना. दिवस मावळला, उजाडला — ही उभीच! उतारूंनी इथेच चूल मांडून मक्याची ममालिगा शिजवली. दुसऱ्या दिवशी हिच्या टाचांना मुळं फुटली, मी डोळ्यांनी पाहिली. तिसऱ्या दिवशी चालकाने कंटाळून साविनची पिशवी खाली फेकली आणि —

"खोटं!"

कोपऱ्यातला रंधा थांबला. केसांतला भुसाही न झटकता विओरिका उठली होती.

"साफ खोटं, आजोबा! मी बसले होते. सगळ्यांच्या आधी मीच बसले — रडत, शिव्या देत, पण बसले... त्याचा रस्ता सुखाचा व्हावा म्हणून." तिने खिडकीशी सरस ढवळणाऱ्या साविनकडे बोट रोखलं. "उभा राहिला तो हा गाढव!"