थोपटलेली माती

११ मे २०२४, शनिवार. सकाळपासून ऊन कडक. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला.

जतच्या माळावरच्या आपल्या रानात इलाही मुलाणी माती मोजायला गेला. तिथं त्यानं एक पहार रोवून मातीच्या पातळीला तिच्यावर रंगाची खूण केली होती. गेल्या उन्हाळ्यात वाऱ्यानं दोन बोटं माती नेली होती. मुरमावर आता तीनच बोटं उरली होती. तेवढी गेली की बाजरीसुद्धा उगवणार नव्हती.

त्याचे अब्बा हयातभर रान चकचकीत ठेवायचे. कडबाकुट्टीत एक बोट गेलेल्या हातानं ज्वारी कापल्यावर उरलेलं एकेक धसकट वेचून जाळायचे. साऱ्या गावाची तीच रीत. यंदा इलाहीनं धसकटं उभी ठेवली.

"रान हाय का न विंचरलेलं डोस्कं रं?" शेजारचा लालासाहेब बांधावरून हसला. "तुझा बा आसता तर बडवला आसता तुला!"

"बडवू दे गड्या. माती तर ऱ्हाईल."

तीनच्या सुमारास सूर्य तांबडा झाला आणि विझल्यासारखा दिसेनासा झाला. लालासाहेब घराकडं पळाला. इलाही पहार धरून खाली बसला. दातांत माती, नाकात करपट वास. हातभर अंतरावरचंही दिसेना.

मग कुणीतरी खोकलं.

आठ वर्षांपूर्वी अब्बांबरोबर मातीत ठेवलेला तो दम्याचा खोकला त्यानं लगेच ओळखला. धसकटांमधून काहीतरी सरपटत येत होतं.

"अब्बा... उपटू नका... एवढं साल ऱ्हाऊ द्या..."

सरपटणं थांबलं. बराच वेळ नुसता वारा.

थप्... थप्... थप्...

वारा पडला तेव्हा लालासाहेबाच्या नांगरलेल्या रानात पांढरा मुरूम उघडा पडला होता. इलाहीच्या रानात धसकटं उभी होती आणि प्रत्येकाच्या बुडाशी माती साचली होती.

"लालासाब! ये, बघ माझं डोस्कं!" इलाही ओरडला आणि रानभर नाचला.

बायको शाहजादी पाण्याची कळशी घेऊन धावत आली. "आवं, आदी डोळं तरी धुवा!" म्हणता म्हणता ती खाली वाकली. "...ही माती कुणी थोपटली?"

पहारीवर माती खुणेच्या वर एक बोट चढली होती. थोपटलेली धसकटं सदतीस. प्रत्येकाच्या बुडाशी पंजाचा ठसा, आणि प्रत्येक पंजाला चार बोटं.