कडूवाल्यांची रबडी

“आमची पाळी दुसऱ्या कुणाला द्या, बंकटकाका. आमच्यानं व्हायचं न्हाई,” असं अजिनाथ म्हणाला आणि ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या वहिनीच्या, चतुराबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

बंकटराव सकाळीच आले होते. आश्विनातल्या सप्ताहाचा कारभार त्यांच्याकडे, आणि काल्याच्या पंगतीचं गोड करण्याची पाळी सहा वर्षांनी फिरून या घरावर आली होती. शिवाय नारायणगडाच्या फाट्यावरचा त्यांचा गाळा रिकामा होता. पंगतीत गोड जमलं तर त्याच गाळ्यात रबडीचं दुकान टाक, असं ते अजिनाथला मागंही म्हणाले होते आणि आजही तेच म्हणायला आले होते. अजिनाथनं मात्र चहा यायच्या आधीच दोन्हींना नकार देऊन टाकला.

मागच्या पाळीला काय झालं होतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. डोंगरात सीताफळं लगडलेली, घरात तीन म्हशींचं दूध, म्हणून चतुराबाईनं सीताफळाची रबडी करायला घेतली होती. पहिला घोट घेताच अख्ख्या पंगतीची तोंडं अशी वाकडी झाली की कीर्तनकार महाराजांनीसुद्धा द्रोण हळूच पत्रावळीखाली सरकवला. कडूजहर! त्या दिवसापासून या घराला ‘कडूवाले’ हे नाव पडलं. अजिनाथ डेअरीवर दूध घालायला गेला तरी कुणीतरी विचारायचं, “गोड हाय ना बे?” पंगतीची ती मोठी कढई तेव्हाच गोठ्यामागं उलटी पडली आणि तिच्याखाली कोंबड्यांनी संसार थाटला.

सीताफळाच्या गराचं एक असतं, तो तापला की कडू होतो. दूध आटवून, निववून, मगच त्यात गर घालायचा. चतुराबाई हे माहेराहून शिकून आली होती. ऐन तरुणपणी नवरा गेला, पदरात मूल नाही, दहा वर्षांचा दीर मात्र पदराला धरून उभा… माहेरचे न्यायला आले तेव्हा “ह्याला कुणावर टाकू?” एवढंच म्हणून ती या घरात राहिली, आणि दूध-खवा करून तिनं अजिनाथला वाढवलं. अशा बाईचा हात चुकेल कसा?

हात चुकलाच नव्हता! पण हे दोघींनाच ठाऊक होतं, एक चतुराबाई आणि दुसरी रोहिणी, तिची धाकटी जाऊ. रोहिणी तेव्हा कडा गावाहून लग्न होऊन आलेली, हातावरची मेंदीही उतरली नव्हती. चतुराबाई आरतीला देवळात गेली आणि इकडे या भाबड्या पोरीनं, जावेला तेवढीच मदत, म्हणून गराचं पातेलं उकळत्या दुधात रिकामं केलं. चतुराबाई परत येईतो बादल्या पंगतीत गेल्या होत्या. अजिनाथ संतापानं लालबुंद होऊन आला, “कुणी केलं हे?” गराचं रिकामं पातेलं घेऊन चुलीमागं उभी असलेली ती नवी नवरी चतुराबाईनं पाहिली, आणि तिचं काळीज असं गलबललं की शब्द आपसूकच बाहेर आले, “मी केलं. घाई झाली.”

“आजपासून कढईला हात लावू नका, वैनी,” चार माणसांत तो म्हणाला. ज्याला आपल्या ताटातला घास भरवला, त्याच्या तोंडून हे! तिनं ते मुकाट्यानं सोसलं. खरं सांगायचं तर त्या सोसण्याचा तिला थोडा अभिमानही होता. मनातल्या मनात तो दागिना ती अधूनमधून काढून पुसून ठेवी.

आज मात्र तिला राहवलं नाही. “अजिनाथ, एकदा चुकलं म्हणून जलमभर भ्यायचं का रे? कावून न्हाई म्हणतूस?”

अजिनाथनं मान खाली घातली. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

“वैनी, मी लोकांच्या हसण्याला भेत न्हाई. पर तुमचा हात इतकी वर्सं कंदी चुकला न्हाई. त्या दिवशी काई कारण नसताना चुकला. जिथं तुमचा भरवसा न्हाई, तिथं माझा काय धरू? फाट्यावर गेलो की गाळा दिसतो, आन मी पाठ फिरवून निघतो. आपण कितीबी नीट केलं तरी कडूच व्हईल, असं वाटतं.”

चतुराबाईला धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या खोटेपणानं एका लेकराला वाचवलं, त्याच खोटेपणानं दुसऱ्या लेकराचे पाय बांधून ठेवले होते… सहा वर्षं! खरं सांगावं तर रोहिणीचं काय होईल? न सांगावं तर हा असाच डेअरीच्या रांगेत म्हातारा होईल.

तेवढ्यात आतून रोहिणी आली. हात पिठात माखलेले, डोळे भरून आलेले.

“आक्कांचा हात चुकला न्हाई. मी गर घातलता, उकळत्या दुधात. आक्का देवळात गेलत्या.”

“रोहिणी, गप बस,” चतुराबाई कळवळून म्हणाली.

“न्हाई आक्का, आता गप बसवत न्हाई. तुमी मला वाचवलं, तुमचे उपकार फिटायचे न्हाईत. पर तवापासून चुलीवर दूध चढवलं की मी धा येळा चाखून बघते. बोलणी तुमी खाल्ली, भीती माझ्यापाशी राहिली. त्याच दिवशी मला चार शिव्या बसल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी मी नीट शिकले असते.”

अजिनाथ एकदा बायकोकडं बघत होता, एकदा वहिनीकडं. मग एकाएकी त्यानं चतुराबाईचे पाय धरले आणि हा मिशीवाला गडी हमसून हमसून रडू लागला. “वैनी, चार माणसांत बोललो मी तुमाला… सहा वर्सं तुमी एका शब्दानं बोलला न्हाई.” चतुराबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, रोहिणीला जवळ ओढलं, आणि तिघंही रडली. रोहिणीच्या हातचं पीठ अजिनाथच्या केसांना लागलं. रडता रडताच त्यानं मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“म्हंजी गर तापला म्हणून कडू झालं. एवढंच व्हय?”

“एवढंच रे माझ्या राजा,” चतुराबाई म्हणाली.

बंकटराव बिचारे इतका वेळ रिकामा कप हातात धरून बसले होते. खाकरून म्हणाले, “मंग पाळी घ्यायची का सोडायची? मला अजून दोन घरं फिरायचीत.”

“घ्यायची,” तिघंही एकदम म्हणाली.

त्याच दुपारी कढई सरळ झाली. कोंबड्यांनी फार कांगावा केला. काल्याच्या दिवशी चतुराबाई खांबाला टेकून बसली, कढईला तिनं हात लावला नाही. सगळं रोहिणीनं केलं. दूध आटवलं, उतरवलं, आणि मग थोड्या थोड्या वेळानं कढईतलं वाटीभर दूध काढून त्यात बोट बुडवून ती मोजत राहिली. पहिल्यांदा दोनाला बोट बाहेर आलं, मग पाचाला. वीस मोजूनही बोट भाजेना तेव्हा तिनं जावेकडं पाहिलं. चतुराबाईनं नुसती मान डोलावली, तेव्हा कुठं रोहिणीनं गर ओतला. पंगतीत लोकांनी पहिला घोट भीतभीतच घेतला. मग वाढप्याला हाका सुरू झाल्या, त्या बादल्या खडखडीत होईपर्यंत. कीर्तनकार महाराजांनी तीन द्रोण घेतले.

आठ दिवसांत फाट्यावर दुकान लागलं. पाटीवर नाव काय टाकायचं असं रंगाऱ्यानं विचारलं, तर रोहिणी म्हणाली, “कडूवाल्यांची रबडी.” अजिनाथ खो-खो हसला, म्हणाला, “लई झ्याक. तेच टाक.”

पहिल्या दिवशी गडावर जाणाऱ्यांची ही झुंबड उडाली. सकाळची कढई संपत आली, गिऱ्हाईक उभं, आणि त्या गडबडीत अजिनाथनं काय करावं? पेटत्या शेगडीवरच्या दुधात गराचं पातेलं ओतलं! रोहिणीनं चमच्यानं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. समोरच बसलेल्या बंकटरावांनी विचारलं, “काय झालं? कुणी केलं?”

गल्ल्यामागं बसलेली चतुराबाई सवयीनं ताडकन उभी राहिली. “ते मी…”

रोहिणीनं सकाळच्या रबडीचा डाव भरला आणि तिच्या तोंडातच घातला.

“मी केलं,” अजिनाथ साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. “घाई झाली. दुसरी कढई चढवतो, जरा बसा मंडळी.”

लोक हसले आणि बसले. चतुराबाईला बोलायचं होतं, पण तोंड रबडीनं भरलं होतं. डोळे पुसत, घास घोळवत ती खाली बसली.