अकराव्या ओळीतला ओजस

यादीतलं अकरावं नाव काढायचं काम शाल्मलीकडे आलं, कारण वर्गाची मॉनिटर तीच होती. चंद्रावरच्या वसाहतीतली ती शाळा. मुलं इनमिन चौदा. यादीतल्या क्रमांकाने रोज हजेरी व्हायची आणि त्याच क्रमांकाच्या खुंटीवर ज्याचं त्याचं हेल्मेट टांगलेलं असायचं. अकराव्या खुंटीवर ओजसचं असे. गेल्या महिन्यात ओजस आजारपणात गेला.

शाल्मलीने कर्सर (पडद्यावर लुकलुकणारी उभी रेघ) त्याच्या नावाच्या आधी नेला आणि बॅकस्पेस (मागचं खोडणारी कळ) एकदाच दाबली. पडद्यावर दिसलं ते असं:

१०. मृण्मयी कदमओजस राणे
११. शाल्मली दाते

शाल्मलीचा क्रमांक बारा होता. त्या बाराला तिने बोटही लावलं नव्हतं. मग त्याचे अकरा कोणी केले?

तिला रडूच फुटलं. "आजोबा, तुमची 'पाटी' दुष्ट आहे!"

'पाटी' म्हणजे वसाहतीतले सगळे ज्यात लिहीत तो प्रोग्रॅम. तो भास्करआजोबांनी बनवला होता आणि त्याला कोणी नावं ठेवली की ते दोन दोन दिवस फुरंगटून बसत. आज मात्र ते मुकाट्याने नातीशेजारी येऊन बसले.

"मी नाही माझं हेल्मेट ओजसच्या खुंटीवर टांगणार," ती म्हणाली. "अकरा त्याचा नंबर आहे."

"बाळा, आकडा कोणाचाच नसतो. तुम्ही रांगेत उभे राहता तेव्हा बाई पहिल्यापासून मोजत येतात ना? मधला एक जण गेला, की मागच्यांचे आकडे आपोआप बदलतात. पाटीही तेच करते. ती आकडे लिहून ठेवत नाही, दर वेळी वरपासून नव्याने मोजते. आकडा जागेचा असतो. नाव तेवढं माणसाचं."

"मग नाव मृण्मयीला का चिकटवलं?"

आजोबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "तिथे मी चुकलो. कळ दाबली की ओळ वरच्या ओळीला जोडून टाकायची, असं माझं मीच ठरवलं. दाबणाऱ्याला काय हवंय, हे विचारलंच नाही. तुला काय हवं होतं?"

शाल्मलीने नाक पुसलं. "नंबर गेला तर जाऊ दे. नाव राहू दे. तिथेच."

आजोबा कामाला लागले. जेवणाची वेळ टळून गेली, तेव्हा कुठे त्यांनी तिला हाक मारली.

"आता एका दाबाला एकच छोटी गोष्ट होईल. पहिल्यांदा दाबलं की फक्त आकडा जाईल, ओळ यादीतच राहील. दुसऱ्यांदा दाबलं की ती यादीतून बाहेर, समासापाशी येईल. तिसऱ्यांदा दाबलं तरच वरच्या ओळीला जोडली जाईल. ज्याला जिथे थांबायचंय, तिथे थांबता येईल."

"आणि मी?"

"तू अकराच. त्याला माझ्याकडे इलाज नाही गं."

त्यांनी यादी पूर्वीसारखी करून दिली. शाल्मलीने कळ एकदा दाबली आणि बोट उचललं.

१०. मृण्मयी कदम
      ओजस राणे
११. शाल्मली दाते

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचं यंत्र यादी वाचू लागलं. पुढच्या यानाने पृथ्वीवरून एक नवा मुलगा येणार होता. त्याच्यासाठी बाईंनी आता रिकामी झालेली चौदावी खुंटी पुसून ठेवली होती.

"दहा, मृण्मयी कदम."

"हजर."

मग आकड्याशिवाय यंत्र म्हणालं, "ओजस राणे."

यंत्र उत्तराची वाट पाहत थांबलं. बाईंनी त्याला पुढचं नाव घ्यायला लावलं नाही. आजवर ओजस कधी वेळेवर आला नव्हता आणि यंत्र असंच त्याच्यासाठी थांबायचं.

"अकरा, शाल्मली दाते."

शाल्मलीने हातातलं हेल्मेट अकराव्या खुंटीला लावलं. मग ती होता होईल तेवढ्या मोठ्याने म्हणाली, "हजर."