आतल्यानं गात राहायचं

द्राक्षांचा घड कापायला गेले आणि बोटच कापून घेतलं! शेजारच्या ओळीतल्या अनोळखी, उंच माणसाकडे बघत होते ना... दुसरं काय होणार!

"ही पांढरी द्राक्षं आहेत हो," तो रुमाल पुढे करत म्हणाला, "लाल रंग कशाला भरताय त्यात?"

मेल्याला हसू आवरत नव्हतं.

तो मल्खाज. शेजाऱ्यांचा भाचा, आमच्या तोडणीच्या मदतीला कुताइसी शहरातून आलेला. परसातल्या आमच्या अवघ्या सतरा ओळी, पण तीन दिवस तो माझ्या बाजूची ओळ सोडेना. आणि मीही त्याला हटकलं नाही.

तिसऱ्या दुपारी आईनं विचारलं, "मोठा रांजण धुवायला कोण उतरतंय?"

जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला, वाईन मुरवायचा, दोन पुरुष खोल रांजण तो. शेजारच्या रांजणात कालचा रस फसफसत होता. त्यातून निघणारी हवा जड असते, रिकाम्या रांजणात उतरून बसते. वास नाही, रंग नाही. चार वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ एकटाच उतरला होता. वर ऐकायला कुणी नव्हतं. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

"मी उतरतो," मल्खाज म्हणाला.

आईनं आधी दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडली. विझली नाही, म्हणजे आतली हवा ठीक होती. मग त्याच्या कमरेला दोर बांधला. आमच्याकडे रीतच आहे... आतल्यानं गात राहायचं, वरच्यानं कान लावून बसायचं. आई द्राक्षं तुडवायला गेली, कान लावून बसले मी.

"गाणं थांबवू नका हं!"

"संपली की हो सगळी! तीनच येतात मला."

"मग बोला. काहीही बोला!"

"काय बोलू? ... एक मुलगी आवडते मला."

माझा हात दोरावर घट्ट झाला. "कोण?"

उत्तर नाही. घासण्याचा आवाजही थांबला.

"मल्खाज? ... अहो?"

काहीच नाही. मी दोर ओढला, पण त्याचं वजन मला हलेना. रांजणाच्या तोंडाशी पालथी पडून मी आतल्या काळोखात हात घातला आणि ओरडले, "आई! धाव गं! — मल्खाज, अरे बोल ना! हवं तर दुसऱ्या कुणाचं नाव घे, पण बोल!"

खालून चाचरत आवाज आला, "दुसरी... दुसरी कुणी नाहीये."

"मग गप्प का बसलास? जीव गेला ना माझा!"

"भ्यालो. तुम्ही नाही म्हणालात तर..."

"वर ये! आधी वर ये म्हणते ना!"

दोर धरून तो वर आला, चिंब भिजलेला. मी त्याला एक चापट मारली आणि त्याचा सदरा दोन्ही मुठींत धरून ढसाढसा रडले.

आई रसानं माखलेल्या पायांनीच धावत आली. "अगं, झालं तरी काय?"

"मला हाच नवरा हवा," मी म्हणाले. "आणि जिवंत हवा."