गालाची जागा

मी लाकडाला पॉलिश करतो. टेबलं, कपाटं, कधी एखादा पाळणा. बंदूक मात्र त्याआधी कधी हातात धरली नव्हती.

एक बाई ती घेऊन आल्या. साठीच्या, निवृत्त नर्स. पोत्यात गुंडाळलेली, वडिलांची ठासणीची बंदूक. म्हणाल्या, बाबा महिन्यापूर्वी गेले. जाताना एवढंच म्हणाले, ती साफ करून घे. त्यामागचंही त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. त्या दहा वर्षांच्या असताना, धुक्याच्या एका सकाळी, बाबांनी रानडुक्कर समजून बार काढला, आणि झुडपामागे दादा पडला. सतरा वर्षांचा. त्यानंतर बाबांनी बंदूक कधी उडवली नाही आणि टाकलीही नाही. रोज तिच्या लाकडी दस्त्यावर गाल टेकून बसायचे. पन्नास वर्षं.

मी कामाला लागलो. पट्ट्या सोडवल्या, नळीचा गंज उतरवला, पितळ राखेनं घासलं. दस्त्याचं काळं पडलेलं पॉलिश खरवडलं, काचपेपर मारला, तेलाचा हात दिला. अक्रोडाचं लाकूड, मधासारखं उजळलं. फक्त गाल टेकतो ती जागा ओलीच राहिली.

वाटलं, तेल जास्त झालं. पुसलं. दुपारी परत ओली. उन्हात ठेवली. सगळा दस्ता कोरडा ठणठणीत, आणि तळहाताएवढा तो डाग तेवढा ओला… बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट. काम करताना शेजारी कुणीतरी हुंदका गिळत बसलंय असं वाटायचं. मान वळवायचा धीर होत नव्हता.

तिसऱ्या दुपारी बाई आल्या. मी ती जागा दाखवली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला. मग वाकून, लेकराची समजूत घालावी तशा म्हणाल्या, "बाबा… दादा जाताना बोलला होता. बाबांवर रागावू नका, म्हणाला. मीच तुमच्यावर चिडले होते, म्हणून सांगितलं नाही… आता रडू नका."

आमच्या डोळ्यांदेखत तो डाग कडेकडेनं आक्रसत गेला आणि नाहीसा झाला. अंगावर काटा आला, पण खरं सांगतो, बरंही वाटलं.

मी सुटे भाग बसवायला घेतले. बार उडवणारा घोडा उचलला, तर बाईंनी माझा हात धरला. तो नको, म्हणाल्या. मी तो बाकावरच्या उघड्या डबीत ठेवून दिला, बंदूक पोत्यात बांधून त्यांच्या हातात दिली आणि दारापर्यंत सोडायला गेलो.

उंबऱ्याशी त्या थांबल्या. पोतं छातीशी धरून, अगदी हळू म्हणाल्या, "दादा काहीच बोलला नव्हता हो… जागच्या जागी गेला."

तेवढ्यात पोत्याच्या आत घोडा मागे ओढल्याचा आवाज झाला. कट्.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाकाकडे पाहिलं. घोडा डबीतच होता.