ताटावरचं नाव

शिरूरहून सुटलेली दौंडची गाडी न्हावऱ्याजवळ अशी काही आदळली, की दीक्षाच्या मांडीवरच्या पिशवीतलं स्टीलचं ताट निसटलं आणि कडेवर उभं राहून थेट ड्रायव्हरच्या दिशेनं खडखडत पळालं. अख्खी एसटी माना वळवून बघायला लागली. पुढं दांड्याला धरून उभ्या असलेल्या एका तरुणानं पाय आडवा घातला, तेव्हा कुठं ते थांबलं.

"अहो, ताटाला पाय काय लावता?" दीक्षा जागेवरूनच ओरडली.

त्यानं ताट उचललं, रुमालानं पुसलं आणि तिच्यापर्यंत आणून दिलं. "चुकलं. पण पाय घातला नसता, तर ताट आपल्याआधी दौंडला पोचलं असतं!"

दीक्षाला हसायचं नव्हतं. सकाळपासून तिनं चहासुद्धा घेतला नव्हता. तरी हसू आलंच, मेलं! शेजारची म्हातारी न्हावऱ्याला उतरली आणि तो बिनदिक्कत तिच्या जागेवर येऊन बसला.

"नवं कोरं दिसतंय. लग्नाचा आहेर?"

"न्हाई. मशीन बघायला चाललेय."

"ताट घेऊन?"

"मग? मुलगा बघायला गेल्यावर नुसत्या फोटोवर कुणी होकार देतंय का? दोन शब्द बोलून बघत्यात. मला बी मशीनशी बोलायचंय."

बोलून गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अनोळखी माणसाशी हे काय बोलतोय आपण! तो मात्र मनापासून हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "जय भीम, आई. व्हय, बसलोय गाडीत... जेवतो गं, जेवतो!" ते ऐकून दीक्षाला उगाचच बरं वाटलं. आपल्यातलाच दिसतोय, असं मनात आलं, आणि आलं तसं तिनं ते झटकूनही टाकलं.

पिशवीतून तिनं चकचकीत माहितीपत्रक काढलं. "हे बघा. लेझर म्हंजी कशावर बी नाव कोरतंय म्हणं. आज दौंडला दाखवणार हायेत."

त्यानं पत्रक पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "हे... स्टीलवर नाव घालायला घेताय?"

"व्हय. का?"

"न्हाई... काय न्हाई."

त्यानंतर दौंड येईपर्यंत पठ्ठ्यानं खिडकीबाहेरचा ऊस मोजला. स्टँडवर गाडी टेकायच्या आत उडी मारून नाहीसासुद्धा झाला. ना नाव, ना गाव. दीक्षाला राग आला. आणि आपल्याला राग का यावा, याचा त्याहून जास्त आला.

पण राग धरून बसायला तिला वेळ कुठं होता? तिचे वडील कोंडिबा, घरातले आबा, म्हणजे शिरूरच्या बाजारपेठेत भांड्यांवर नाव घालणारे हुकमी कारागीर. हंडा असो की वाटी, त्यांचं अक्षर नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकायचं. पण दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आणि नेमकं आत्ता, दोन हजार आठच्या एप्रिलात, मांडवगण फराट्याच्या सामुदायिक विवाहाचं काम आलं. चौतीस जोडपी, जोडप्यामागं पाच ताटं, प्रत्येकावर नवरानवरीचं नाव. दिवस उरले होते बारा. आबांनी आयुष्यभराची पुंजी मोडून डीडी काढला आणि तिच्या हातात दिला. "तू शिकलेली हायेस. तुला पटलं तर घे," एवढंच म्हणाले. पटलं आणि चुकलं, तर? दुकान गेलं, आबा गेल्यासारखेच. डीडी ठेवलेली पर्स तिनं दर दोन मिनिटांनी चाचपून पाहिली.

स्टेशनाजवळच्या एका गाळ्यात पुण्याचे डीलर आनंदराव मशीन मांडून बसले होते. दहाबारा माणसं जमली होती. आणि मशीनपाशी, कंपनीचा निळा शर्ट घालून, कोण उभा असावा? तोच!

दीक्षाचा चेहरा फुलला. पण त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. आनंदराव त्याला "धम्मदीप, हे लाव, धम्मदीप, ते काढ," म्हणत होते, तेव्हा तिला नाव कळलं. त्यानं अॅक्रिलिकची पाटी कापून दाखवली, लाकडी ट्रॉफीवर वाघ कोरला. काम खरंच लोण्यासारखं होत होतं.

"माझ्या ताटावर घालून दाखवा," दीक्षानं ताट पुढं केलं.

"का नाही, ताई!" आनंदराव म्हणाले. "फक्त स्टीलला आधी थोडा लेप लागतो. धम्मदीप, आत घेऊन जा."

ताट आत गेलं आणि काळा थर घेऊन बाहेर आलं. मशीनचं डोकं सुळसुळ फिरलं. वरचा थर पुसला आणि ताटावर 'कोंडिबा' उमटलं, काळंभोर, रेखीव. माणसं वाहवा म्हणाली. दीक्षाचे डोळे भरून आले. आबांच्या हातचंच वाटत होतं की! तिनं पर्स उघडली. आनंदरावांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं.

तिनं धम्मदीपकडं पाहिलं. त्यानं आनंदी व्हायला हवं होतं, नाही का? पण त्याचा चेहरा तापातल्या माणसासारखा झाला होता. लेपानं काळी झालेली बोटं तो पँटीला पुसत होता, पुन्हा पुन्हा पुसत होता.

"मॅडम..." त्याचा आवाज चिरकला. "एकदा राखेनं घासून बघा."

"धम्मदीप!" आनंदराव गरजले.

पण दीक्षा कारागिराची लेक होती. तिनं काही विचारलं नाही. शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीतली चिमूटभर राख आणली, पदराच्या टोकाला पाणी लावलं आणि ताट घासायला बसली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा 'कों' गेला. मग 'डि'. मग ताट जसं आणलं होतं तसं, कोरं करकरीत. नवरीच्या सासरी पहिल्याच दिवशी घासलं असतं, तर? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"पाट्यांना, ट्रॉफीला हे मशीन झकास हाय," धम्मदीप म्हणाला. "पण नुसत्या स्टीलला ह्याचा किरण चावत न्हाई. उमटतो तो वरचा लेपच."

डीडी पर्समध्ये परत गेला. दीक्षा बाहेर येऊन पायरीवर बसली. थोड्या वेळानं धम्मदीप बाहेर आला. निळा शर्ट अंगात नव्हता, नुसता बनियन आणि खांद्यावर सॅक.

"काढलं तुम्हाला?"

"काढलं. शर्टसुद्धा ठेवून घेतला."

"माझ्यापायी!" आणि मग एकदम तिचा भडका उडाला. "अहो, मग गाडीतच सांगायला काय झालं होतं? तासभर शेजारी बसला होतात! मी डीडी दिला असता म्हंजी?"

"भ्यालो." त्यानं सरळ सांगून टाकलं. "चार महिन्यांची नोकरी, घरी आई एकटी. वाटलं, तुम्ही बघाल, नको म्हणाल, जाल. पण तुम्ही ते नाव बघून रडलात... तवा मग न्हाई राहवलं."

दीक्षानं पदर सारखा केला. "ते जाऊ द्या. माझ्या ताटांचं काय आता?"

"कारेगावला संपत म्हणून दोस्त हाय. कंपनीच्या लोखंडी पार्टवर नंबर टाकतो. त्याचं लेझर निराळं, फायबरचं. ते स्टीलला धरतं. रविवारी मशीन बंदच असतंय." त्यानं खांद्यावरची सॅक सावरली. "आज माझ्यावर इश्वास ठेवा म्हणायला तोंड न्हाई मला. पण बघा..."

मधले चार दिवस दीक्षानं कसे काढले, ते तिचं तिला ठाऊक. हा आला नाही तर? आला आणि तेही नाव पुसलं तर? आणि हे सगळं नीट झालं तर... तर मग तो पुन्हा कशाला दिसेल? ही तिसरी भीती तिनं आबांना सांगितली नाही.

रविवारी तो आला. कारेगावला संपतच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या ताटावर बारीक ठिणग्या नाचल्या. दीक्षानं ते ताट राखेनं घासलं, काथ्यानं घासलं, नखं दुखेपर्यंत घासलं. अक्षर हललं नाही! ती तिथंच मटकन बसली आणि रडली, हसली, पुन्हा रडली. धम्मदीप पाण्याची बाटली हातात धरून नुसता उभा राहिला.

मग ती नावं वाचायला लागली, तो टाइप करायला लागला. ती जोडप्याचं नाव वाचायची आणि वर बघायची, तर हा तिच्याकडं बघत असायचा.

"स्क्रीनकडं बघा. चुकलं तर नवरी दुसऱ्याच्या घरी जायची!"

"न्हाई चुकत. आता एकदा चुकलोय तेवढं बास."

दिवेलागणीला एकशे सत्तर ताटं पोत्यांत गेली. शेड एकदम मोकळी वाटायला लागली.

"डीडी अजून तसाच हाय," ती म्हणाली. "सांगा ना... हे फायबरचं घेऊ का नको?"

त्यानं आधी मशीनचं बटण बंद केलं.

"घ्या म्हणलं, तर तुम्हाला वाटंल, नोकरी गेली म्हणून दुकान बघतोय. नको म्हणलं तर... मला शिरूरला यायला कारणच उरत न्हाई."

"यायला कारण लागतं व्हय?"

"लागतं की. आबा इचारतील, हा कोण, कशासाठी आला. काय सांगू?"

चुकलं तर? पण ह्यावेळी दीक्षानं त्या 'तर'ला पुढं येऊच दिलं नाही.

"तुम्ही कशाला सांगताय? मी सांगते. मला आवडतो, म्हणून आलाय."

धम्मदीपनं घाईघाईनं शेवटचं पोतं बांधायला घेतलं, आणि त्याच्याकडून ती गाठ तीनदा सुटली.